वसंतातले घाट, आणि दोनपैकी कोणती गाडी ठेवावी?

वळणवाट
बर्फ ओसरून रस्त्याकडेला पहिली पालवी दिसली की मला घरात बसवत नाही. सकाळी लवकर निघायचं, घाट चढायचा, माथ्यावर गाडी बाजूला लावून तास-दोन तास नुसतं बसायचं आणि अंधाराच्या आत खाली यायचं. माझ्यासाठी वसंत तिथून सुरू होतो. यंदा मात्र पहिल्या फेरीआधी एक गोष्ट ठरवायची आहे.

घरी दोन गाड्या आहेत आणि पुढच्या महिन्यापासून जागा एकीचीच राहणार आहे.

एक छोटी, जुनी हॅचबॅक. साधं पेट्रोल इंजिन, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारी यंत्रणा) नाही. पाच गिअर, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) स्टीअरिंग, वजन हजार किलोच्या आसपास. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आहे, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग पुढच्या दोनच. चालवताना चाकाखाली काय आहे ते तळहाताला कळतं.

दुसरी उंच एसयूव्ही, बरीच नवी. टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, सोळाशे किलो, सुरक्षेची सगळी साधनं. शांत, आरामशीर. चालवून थकवा येत नाही, पण चालवल्याचं समाधानही तितकंसं मिळत नाही.

शहरातल्या कामांना दोन्ही चालतात, म्हणून तो भाग सोडून द्या. डोंगरातल्या रस्त्यांसाठी तुम्ही यातली कोणती ठेवाल आणि का? मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल. तुमचे आवडते घाटही लिहा.

रानवारा
छोटी! यात विचारण्यासारखं काय आहे?

घाटातली लेन अरुंद असते. त्या लेनमध्ये छोट्या गाडीला इकडेतिकडे सरकायला जागा उरते, वळण थोडं बाहेरून घेऊन आत येता येतं. रुंद गाडीत तुम्ही लेन भरून टाकता, मग समोरून बस आली की श्वास रोखून कडेला. शिवाय हलक्या गाडीत ५० च्या वेगातही मजा येते. मोठीत तीच मजा यायला ८० लागतो, आणि घाटात ८० ला काही अर्थ नाही.

हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या गाड्या आता जवळपास कोणी बनवत नाही. एकदा हातची गेली की गेली.

चकवा
गाड्यांना विचारलंत का? दोघींना आठवडाभर उभं ठेवा. जिची बॅटरी आधी उतरेल तिला तुमच्याकडे राहायचं नाही असं समजायचं :)

टॉर्कमास्तर
चकवा, त्यात नवी हरेल. नव्या गाड्यांमध्ये बंद असतानाही बरीच यंत्रणा जागी असते.

मूळ प्रश्नाकडे येतो. घाट म्हटला की सगळे चढाचा विचार करतात. गाडीची खरी परीक्षा उतारावर असते. १,६०० किलोची गाडी हजार मीटर खाली येते तेव्हा सुमारे १५.७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. विजेच्या हिशेबात हे जवळपास ४.४ युनिट होतात. हजार किलोच्या गाडीचे २.७. थोडी ऊर्जा हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते, बाकीची एक तर इंजिनाने रोखायची, नाहीतर ब्रेकच्या डिस्कनी उष्णता म्हणून पोटात घ्यायची. त्यामुळे ज्या गिअरने चढलात साधारण त्याच गिअरने उतरा. न्यूट्रलमध्ये तर कधीच नको. हे ऑटोमॅटिकलाही लागू आहे. 'एल' (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलेला असतो आणि बहुतेकांनी त्याला हातही लावलेला नसतो.

ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट-४ प्रतीचं नवं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ते उकळलं तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखं लागतं आणि तळाला जातं. म्हणून गाडी कमी चालली असली तरी दोन वर्षांनी ऑईल बदला. 'फारशी फिरली नाही' हे कारण इथे चालत नाही.

या हिशेबात छोटी जिंकते. पण ईएससी नाही हे मला खटकतं, म्हणून माझं मत नवीला. त्यावर पुढे लिहितो.

अबोली
आधी रस्ते लिहिते, गाडीबद्दल मग.

हिमालयात मार्च-एप्रिलमध्ये बुरांश फुलतो. उत्तराखंडचा राज्यवृक्ष आणि नेपाळचं राष्ट्रीय फूल, गुराँस. ओकच्या गडद हिरव्या जंगलातून रस्ता वर चढत असतो आणि अचानक एक अख्खा उतार लाल दिसतो. फुलं झाडावर असतात तितकीच रस्त्यावर पडलेली असतात, गाडी त्यांच्यावरून न्यावीशी वाटत नाही. सह्याद्रीत वसंत अगदी वेगळा असतो. गवत वाळून सोनेरी झालेलं, हवेत धुरकटपणा, आणि त्यात पानं टाकून दिलेले पळस, पांगारा, काटेसावर नुसते फुलांनी पेटलेले. हे फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकतं. एप्रिलपर्यंत थांबलात तर चुकलंच.

वळणवाट, एक प्रश्न. शेजारच्या सीटवर कोण असतं? माझ्या मते उत्तर त्यावर ठरेल.

दूरदेशी
अबोलींनी दिवसांचं लिहिलं त्यावरून आठवलं. अँड्र्यू हॉपकिन्स नावाच्या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये एक ठोकताळा मांडला होता. समशीतोष्ण भागात दर ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीमागे वसंत चार दिवस उशिरा येतो. जागोजागी फरक पडतो, पण अंदाज म्हणून छान आहे. १,२०० मीटर चढलात तर चाळीस दिवस मागे गेलात! खाली फुलं गळून फळं धरत असतात, मध्यावर बहर, माथ्यावर नुसते कळे. हे सगळं तासा-दीड तासात खिडकीतून बघायला मिळतं. त्यामुळे वसंताची वाट बघत बसण्यापेक्षा योग्य उंची निवडायची. खालचा बहर चुकला तरी वर शिल्लक असतो.

हे मी ब्लू रिज पार्कवेवर अनुभवलं. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनामधून जाणारा ७५५ किलोमीटरचा रस्ता, काम १९३५ मध्ये सुरू होऊन शेवटचा तुकडा १९८७ मध्ये जोडला गेला. मालवाहू ट्रकना बंदी, आणि वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. एप्रिलमध्ये खालच्या भागात रेडबड आणि डॉगवुड फुलतात, उंचावरचे ऱ्होडोडेंड्रॉन जूनपर्यंत लांबतात. तिथे ताकदवान गाडीचा काही उपयोग नाही. रानवाराशी सहमत, छोटी ठेवा.

बॅटरीवाला
दोन्ही विका, इलेक्ट्रिक घ्या. टॉर्कमास्तरांनी मोजलेले ते ४.४ युनिट ब्रेकमध्ये जाळायचे कशाला? इलेक्ट्रिक गाडी त्यातला बराच भाग बॅटरीत परत घेते. चढताना रेंज भराभर उतरते म्हणून नवखे घाबरतात, खाली येईपर्यंत आकडा पुन्हा वर गेलेला असतो. आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे खिडकी उघडली की पक्षी ऐकू येतात.

टॉर्कमास्तर
बॅटरीवाला, मान्य, एका अटीवर. माथ्यावरच बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली ऊर्जा ठेवायला जागाच नसते, रीजन (उतारावर वीज परत मिळवणं) जवळजवळ बंद होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. थंड बॅटरीचंही तेच.

बॅटरीवाला
म्हणून तर डोंगरावर राहणारे आम्ही चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवतो. सकाळचा प्रवासच उताराने सुरू होतो ना.

चकवा
उतार विकून वीज मिळवणारा माणूस पहिल्यांदा बघितला :)

वळणवाट
सगळ्यांचे आभार. बॅटरीवाला, इलेक्ट्रिकचा विचार नक्की कधीतरी, सध्या या दोघींतूनच निवडायचं आहे.

अबोली, शेजारी आई असते. पंचाहत्तरी उलटली आहे, पण 'घाटात जाऊ या' म्हटलं की माझ्याआधी तयार. तिला झाडांची नावं माहीत असतात आणि ती ओळखत बसणं हाच तिचा प्रवास. दोन अडचणी आहेत. गुडघे दुखतात, आणि वळणांवर तिला मळमळतं.

अबोली
मग हा धागा आईंच्या नावाने काढायला हवा होता!

सई_लिहिते
मी डॉक्टर आहे, म्हणून मळमळीवर लिहिते.

कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर हलतंय, डोळ्यांसमोर मात्र स्थिर डॅशबोर्ड असतो. मेंदूला दोन्हीकडून वेगळी बातमी पोचते आणि पोट ढवळतं. चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. तुमच्या आईंना पुढच्या सीटवरच बसवा, नजर दूर रस्त्यावर ठेवायला सांगा, फोन आणि वाचन नको, हवा खेळती ठेवा. 'आता डावीकडे मोठं वळण आहे' असं नुसतं बोलत राहिलात तरी फरक पडतो. नेहमी त्रास होणाऱ्यांना गोळी प्रवासाआधी घ्यावी लागते, सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या वयात मात्र ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच. झोप येणं, तोल जाणं, चालू औषधांशी न पटणं, हे सगळं बघावं लागतं. घाट २,५०० मीटरच्या वर जाणारा असेल तर विरळ हवेचाही विचार करा. डोकेदुखी आणि मळमळ तिथे वेगळ्या कारणानेही होते.

गाडीबद्दल: उंच गाडी वळणावर जास्त झुकते, त्याने त्रास वाढू शकतो. पण गुडघ्यांना उंच सीटच सोयीची. खाली बसणं आणि तिथून उठणं, दोन्ही कठीण जातं. अॅक्सिलरेटर आणि ब्रेक हळुवार वापरलेत तर झुकणं बरंच आटोक्यात येतं. गुडघ्यांवर मात्र तुमच्या चालवण्याने काही फरक पडणार नाही.

रानवारा
छोटीच्या सीटवर जाड गादी टाकली तर?

सई_लिहिते
रानवारा, नको. बेल्टचा खालचा पट्टा ओटीपोटाच्या हाडावर बसायला हवा. जाड, मऊ गादीने माणूस धडकेत पट्ट्याखालून पुढे सरकू शकतो.

निवांत नाना
चर्चा वाचतो आहे, आनंद वाटला. मी आयुष्यभर डोंगरात गाडी चालवली. माझ्या मते गाडी कोणती यापेक्षा ती कुठे थांबवता येते हे बघावं. छोटी गाडी कुठल्याही बगलेत उभी राहते. ज्याला झाडं बघायची आहेत त्याला दर दोन किलोमीटरवर थांबावं लागणार. अर्थात थांबायचं ते दोन्हीकडून दिसेल अशा ठिकाणी, वळणावर कदापि नाही, आणि कड्याच्या खालीही नाही.

दुसरं म्हणजे चढणाऱ्याला आधी वाट द्यावी. अरुंद चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलणं अवघड असतं. भारतात २०१७ च्या वाहनचालन नियमांत हे लिहिलेलं आहे, पण पाळणारे मला क्वचित भेटतात. उलट खालून येणाऱ्यालाच दिवे मारून मागे लोटतात. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या टपाल रस्त्यांवर पिवळ्या बसचा मान मोठा. तिचा तीन सुरांचा भोंगा आंधळ्या वळणाआड वाजला की बाकीच्यांनी सावध व्हायचं, आणि बसचालक जशी खूण करेल तसं ऐकायचं. मला ती पद्धत फार आवडली.

खडीसाखर
मी रस्त्यांच्या देखभालीच्या कामात आहे. वळणवाट, गाडी कोणतीही घ्या, पण 'सकाळी लवकर' हा भाग मला काळजीत टाकतो.

जिथे बर्फ पडतं तिथे वसंताचे सुरुवातीचे आठवडे फसवे असतात. दुपारी बर्फ वितळतं, पाणी रस्त्यावरून वाहतं, रात्री तेच पाणी पुन्हा गोठतं. सकाळी उन्हातला रस्ता कोरडा ठणठणीत असतो आणि पुढचंच सावलीतलं वळण काचेसारखं. तो थर पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं, त्यामुळे नुसता ओला रस्ता वाटतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांच्या खालूनही थंड हवा जाते.

दरडींचंही तसंच. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. खडकाच्या भेगेत हे दररोज होत राहिलं की भेग रुंदावते, आणि ऊन लागून बर्फाची पकड सुटली की दगड खाली. रस्त्यावर ताजे बारीक दगड पडलेले दिसले तर तिथे फोटोसाठी उतरू नका, निघा.

आणखी एक, हिवाळ्यात घसरू नये म्हणून टाकलेली वाळू-खडी झाडून होईपर्यंत वळणांच्या बाहेरच्या कडेला साठून असते. आम्ही झाडतो, पण सगळीकडे एकाच दिवशी पोचता येत नाही. पहिल्या फेऱ्या उशिरा सकाळी सुरू करा आणि ऊन कलायच्या आत उतरा.

वळणवाट
खडीसाखर, फार मोलाचं सांगितलंत. आता दहाच्या पुढेच निघेन.

टॉर्कमास्तर
खडीसाखर यांच्या वाळूवरूनच माझा राहिलेला मुद्दा. ईएससी म्हणजे गाडी चालकाने वळवली त्यापेक्षा वेगळ्या दिशेला जाऊ लागली की एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला परत रेषेत आणणारी यंत्रणा. एबीएस फक्त ब्रेक दाबल्यावर चाक अडकू देत नाही. वाळूवरून मागची चाकं बाहेर सुटली तर एबीएस काही करू शकत नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ईएससी सक्तीचं आहे, ते उगाच नाही. आणि इथे शेजारी पंचाहत्तरीच्या पुढची आई आहे.

रानवारा
टॉर्कमास्तर, ईएससी घर्षण निर्माण करत नाही ना? काळ्या, म्हणजे न दिसणाऱ्या पारदर्शक बर्फावर सोळाशे किलो घसरायला लागले तर कोणतंही बटण थांबवणार नाही. हलकी गाडी, हळू वेग आणि हाताला कळणारा रस्ता हीसुद्धा सुरक्षाच आहे. छोटीत रस्ता बदलला की आधी कळतं आणि माणूस आपोआप वेग कमी करतो. मोठी गाडी सगळं गिळून टाकते, आत बसणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

टॉर्कमास्तर
घर्षण निर्माण करत नाही, हे शंभर टक्के खरं. हळू जाणं हाच पहिला उपाय, त्यावर आपला वाद नाही. पण कधीतरी वळणाआड एखादं हरीण उभं असतं आणि हळू जाणाऱ्यालाही झटकन स्टीअरिंग फिरवावं लागतं. तेव्हासाठी म्हणतोय.

पाचवा गिअर
वाचतोय आणि शिकतोय. रुमाल टाकून ठेवतो.

मला एक सुचवायचं आहे. कागदावर दोन्ही बाजू पटतात, कारण दोन्ही बरोबर आहेत. एकच रस्ता निवडा, एकाच आठवड्यात, तशाच हवेत दोन्ही गाड्या न्या, आणि दोन्ही वेळा आईंना बरोबर घ्या. परतल्यावर 'कोणती जास्त आवडली' असं विचारू नका, मोठी माणसं आपल्याला बरं वाटेल ते उत्तर देतात. 'आज काय काय दिसलं' एवढंच विचारा.

अबोली
पाचवा गिअर, क्या बात है! +१

दूरदेशी
तोपर्यंत थोडं अवांतर. माथ्याचे मोठे घाट कधी उघडतात याबद्दल कोणी विचारलं नाही, पण लिहितो.

इटलीतला स्टेल्व्हियो, २,७५७ मीटर, प्रातो गावाच्या बाजूने ४८ क्रमांक दिलेली हेअरपिन वळणं. तो बहुतेक मे अखेर किंवा जूनमध्ये उघडतो. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर रस्ता १९३५ चा, ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं. तो साधारण मेच्या सुरुवातीला. रस्ता बांधणारे अभियंता फ्रान्झ वालाक यांनी बर्फ कापून बाजूला फेकणारी यंत्रंही खास त्याच्यासाठी तयार केली. अमेरिकेतला गोइंग-टू-द-सन रोड १९३३ मध्ये खुला झाला. त्याचा माथा, लोगन पास, जेमतेम २,०२६ मीटर, तरी पूर्ण रस्ता मोकळा व्हायला जूनचा शेवट किंवा जुलै उजाडतो, इतकं बर्फ वाऱ्याने साचतं. जपानच्या तातेयामाला एप्रिलमध्ये बर्फाच्या उंच भिंतींमधून जाता येतं, पण तिथे खाजगी गाड्या सोडत नाहीत, बसनेच जायचं.

निवांत नाना
यात हिमाचलमधला रोहतांगही घाला. ३,९७८ मीटर. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलला जायला तो चढावा लागत नाही. आता जे जातात ते त्या घाटासाठीच जातात. अशा उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरते, त्यामुळे टर्बो नसलेली गाडी धापा टाकते.

टॉर्कमास्तर
नाना, अगदी. साध्या इंजिनाची ताकद हजार मीटरमागे ढोबळमानाने दहा टक्के घटते. वळणवाटचा घाट दोन हजार मीटरचा असेल तर छोटीचा जवळजवळ पाचवा हिस्सा माथ्यावर गेलेलाच असतो. टर्बो हवा कोंबून भरत असल्यामुळे नवीला हे फारसं जाणवत नाही.

चकवा
घाटात माझ्या नकाशातली बाई सारखी 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' करून इतकी दमली की शेवटी म्हणाली, 'सरळ जात रहा', आणि समोर दरी! बंद केलं तिला. तिथे एकच तर रस्ता होता.

वळणवाट
पाचवा गिअर यांचं ऐकलं. दोन्ही गाड्या नेल्या, तोच घाट, दोन्ही वेळा हवा स्वच्छ. दोन्ही वेळा उशिरा निघालो. सावलीतल्या दोन वळणांवर खरंच ओलसर चमक होती, बाहेरच्या कडेला वाळूचे पट्टे होते.

आधी छोटी. मला काय आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना इंजिन जे गातं ते नवीत नाहीच. आईला मळमळ झाली, पण थोडीच. मी प्रत्येक वळण आधी सांगत होते. माथ्यावर उतरताना मात्र दाराला धरून बराच वेळ लागला. घरी आल्यावर 'आज काय काय दिसलं' विचारलं. म्हणाली, आकाश छान होतं, कड्यावरची झुडपं दिसली, तू खुशीत होतीस.

मग नवी. सुरुवातीला झोल जाणवला, म्हणून अगदी सावकाश गेले, मागच्यांना जागा मिळेल तिथे पुढे जाऊ दिलं. उतारावर मॅन्युअल मोड लावून दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवली, ब्रेकला फार कमी वेळा पाय लागला. टॉर्कमास्तर, आभार. आई अर्ध्या घाटातच बोलायला लागली ती थांबलीच नाही. खाली नदीच्या काठाने पांढऱ्या फुलांची रांग आहे, पलीकडच्या उतारावर अर्ध्यापर्यंतच पालवी आहे आणि वर अजून करडं आहे, तिथे एक पडकं घर आहे. दूरदेशींची ती चाळीस दिवसांची गोष्ट ती डोळ्यांनी बघत होती.

मी इतकी वर्षं त्या रस्त्याने जाते. छोटीतून माझ्या डोळ्यांसमोर रस्ता असतो. शेजारच्या सीटवरून आईला मात्र कठडा दिसतो. दरीच्या बाजूने जवळपास सगळा घाटभर दगडी कठडा आहे आणि छोटीची सीट नेमकी त्याच्या खाली येते. नवीतून ती कठड्यावरून पलीकडे बघू शकते.

नवी ठेवते आहे.

अबोली
वाचून डोळे भरले. योग्य निर्णय.

सई_लिहिते
छान. उतरताना पकडायला दाराच्या चौकटीवर हँडल आहे ना? नसेल तर बसवून घ्या. आणि दर तासाने पाय मोकळे करायला थांबा.

रानवारा
हरलो, पण कठड्यापुढे काही बोलता येत नाही. फक्त एक म्हणतो, दोन-चार वर्षांनी पुन्हा छोटी हलकी गाडी घेण्याची सोय मनात ठेवा. तुम्ही जे गाणं म्हणालात ते सोडून देण्यासारखं नाही.

निवांत नाना
चालवणाऱ्याचं सुख आणि बघणाऱ्याचं सुख वेगळं असतं, हे मी सहप्रवासी झाल्यावर मला कळलं. आता मुलगा चालवतो आणि मी बघतो. त्याच्या गाडीतूनही कठडाच दिसतो. त्याला हा धागा वाचायला देतो.

टॉर्कमास्तर
अभिनंदन. आता नवीसाठी कामं. हिवाळी टायर असतील तर दिवसाचं तापमान सातत्याने ७ अंशांच्या वर गेल्यावर उन्हाळी चढवा. हिवाळ्याचं रबर उष्णतेत मऊ पडतं, लवकर झिजतं आणि थांबायला जास्त अंतर घेतं. पण माथ्यावर अजून गोठत असेल तर घाई नको. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, १४२२ म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं, तेव्हा वर्ष बघा. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजा. तापमान साडेपाच अंशांनी बदललं की दाब सुमारे एक पीएसआय बदलतो.

पाचवा गिअर
मीही दोन गाड्यांत अडकलोय, आता कठड्याची उंची मोजायला टेप घेऊन जातो.

रानवारा
वळणवाट, छोटी कुणाला देणार? नवशिक्या, जोरात चालवणाऱ्या मुलाला देऊ नका, टॉर्कमास्तरांचा ईएससीचा मुद्दा तिथे मला पूर्ण पटतो. सपाटीवर शांतपणे चालवणारं कोणीतरी बघा. सर्व्हिसचे सगळे कागद एकत्र ठेवा. ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं?

वळणवाट
मागच्या शरद ऋतूत बदललं, पावती आहे. टायर बदलायला आलेत, तसं घेणाऱ्याला सांगेन. अजून कोणी ठरलेलं नाही.

रानवारा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.